चोख नाणं आणि उकिरड्यातला साज

ती घटना आठवली की मला सगळ्यात आधी आठवतो तो उकिरडा. त्याच्या कडेला नाकाला टॉवेल बांधून उभे असलेले दोन पंच आठवतात, आणि मग हसू येतं. तेव्हा मात्र हसायची सोय नव्हती. एका घरातली सून माहेरी बसली होती, आणि ती परत नांदायला जाणार की नाही हे त्या उकिरड्यावर अवलंबून होतं. दुर्दैवानं माझ्यावरही होतं.

कोल्हापूरजवळच्या एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली होती. त्या वयात अधिकाऱ्याला वाटायला लागतं की आपल्याला माणूस नुसता बघितला तरी कळतो. मलाही वाटायचं. नावं कुणाचीच सांगणार नाही, सगळी माणसं आजही तिथंच राहतात.

तुळशीच्या लग्नानंतर दोनच दिवसांत एक गृहस्थ ठाण्यात आले. गावात त्यांना आण्णा म्हणत. ऊस, आठ-दहा म्हशी, डेअरीला दूध, दारात गाडी. आवाज असा, की ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी बोलले तरी माझ्या केबिनमध्ये ऐकू यावं.

"सायेब, घरात चोरी झालीया. बायकोचा साज गेलाय. कपाटातनं गेलाय आनि कपाटाची चावी दोघींकडंच असती, एक बायको नि एक सून."

"मग संशय कुणावर?" मी विचारलं.

"आता तुम्हीच समजून घ्या की!"

असा माणूस मला मुळीच आवडत नाही. आरोप करायचा, पण नाव पोलिसानं उच्चारायचं. मी सरळ म्हणालो, "समजून घ्यायला मी तुमचा व्याही नाही. फिर्यादीत काय लिहू ते बोला." तेव्हा त्यांनी सुनेचं नाव घेतलं.

कोल्हापुरी साज म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. गळ्यातला दागिना. सोन्याच्या पातळ पत्र्याची लहान लहान पानं, मधे मणी, आणि पत्र्याच्या आत लाख भरलेली. आमच्याकडं एकदा साज केला की तो मोडत नाहीत, सासूकडून सुनेकडं जातो. त्यामुळं साज गेला म्हणजे नुसतं सोनं जात नाही, घरातली हवाच बिघडते. आण्णांच्या पत्नीला सगळे आक्का म्हणत. तुळशीच्या लग्नाला त्या साज न घालता उभ्या राहिल्या, आण्णांनी कारण विचारलं, आणि त्या म्हणाल्या, "कपाटात न्हाय. चोरी झाली." सगळं तिथून सुरू झालं.

सून हुपरीची. हुपरी म्हणजे घरोघरी चांदीचं काम. तिचे वडील पैंजणांचे कारागीर. भाऊबीजेला ती माहेरी जाऊन आली होती. एवढ्यावर गावानं खटला चालवून निकालही दिला होता, की साज बापाच्या भट्टीत गेला. नवरा मुलगा बरा होता, पण बापापुढं त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. "छडा लागंस्तवर माहेरी ऱ्हा," असं आण्णांनी सुनेला सांगितलं आणि यानं तिची बॅग एसटीत ठेवली.

फिर्याद घेऊन आम्ही घराचा पंचनामा केला. कपाटाचं कुलूप शाबूत. आक्कांचा जबाब घेतला, तर त्या साडीचा पदर बोटाला गुंडाळत एवढंच म्हणत राहिल्या, "कपाटात हुता. आता न्हाय." बाई घाबरली आहे हे मला दिसलं. पण का घाबरली हे विचारायचं मला सुचलं नाही. नवऱ्याला घाबरत असेल, असं मीच ठरवून टाकलं.

मग आली खबर. आमच्या बीट हवालदाराला शेजारच्या एकानं सांगितलं, की दिवाळी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सून उकिरड्यात वाकून काहीतरी पुरत होती. आता गोठा असलेल्या घरातली सून सकाळी उकिरड्यावर जाणार नाही तर काय पन्हाळ्यावर जाणार? पण खबर आली की पोलिसाचे पाय आपोआप चालायला लागतात. माझेही लागले.

उकिरडा चांगला प्रशस्त होता. तो सगळा उपसायचा तर आमचं निम्मं ठाणं त्यात गाडलं गेलं असतं. हवालदार म्हणाला, "सायेब, ते जमिनीतला धातू शोधायचं मशीन आणूया की." ओळखीनं एका अभियांत्रिकी कॉलेजातलं यंत्र मिळालं, आणि ते चालवायला एक तरुण प्राध्यापक. लांब दांडा, खाली ताटलीएवढं चाक, वर छोटा पडदा. धातू सापडला की यंत्र ओरडतं आणि पडद्यावर आकडा येतो. धातू कसा आहे, केवढा आहे, त्यावर आकडा खालचा की वरचा ते ठरतं.

यंत्र उकिरड्यावर नेलं आणि ते जे ओरडायला लागलं ते थांबेचना! दहा ठिकाणी उकरलं, दहाही ठिकाणी गुटख्याच्या पुड्या. गावातली निम्मी माणसं गुटखा खाऊन पुडी कुठं टाकतात ते त्या दिवशी मला कळलं. आतून चंदेरी कागद असतो, त्याला यंत्र ओरडतं.

प्राध्यापक घाम पुसत म्हणाले, "साहेब, असं संध्याकाळपर्यंत संपणार नाही. सोन्याचा नमुना द्या. त्याचा आकडा बघतो आणि त्याखालचे सगळे आवाज बंद करतो. मग पुड्या बोलणार नाहीत."

आण्णा ऐटीत आत गेले आणि सोन्याचं नाणं घेऊन आले. "चोवीस कॅरेट! आमच्या घरात हलकं सोनं येत न्हाय."

प्राध्यापकांनी नाणं जमिनीवर ठेवलं, वरून यंत्र फिरवलं. आकडा चांगला वरचा आला. त्यांनी मला विचारलं, "दागिनाही असाच चोख आहे ना?"

आणि मी, बत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, म्हणालो, "हो हो, तसंच धरा."

नाण्याच्या थोडं खाली रेषा धरून त्याखालचे आवाज बंद केले. यंत्र शांत झालं. सगळा उकिरडा, गोठा, परडं, कानाकोपरा फिरून झाला. एक घोड्याचा नाल आणि तांब्याचा एक जुना तांब्या एवढंच सापडलं. पंचांनी सह्या केल्या, टॉवेल सोडले. मी स्टेशन डायरीला नोंद केली : यंत्राद्वारे तपासणी केली, मुद्देमाल मिळून आला नाही. माझ्या डोक्यात हिशेब सरळ होता. इथं नाही म्हणजे हुपरीत गेला.

महिलेला सूर्यास्तानंतर ठाण्यात बोलवायचं नाही हा दंडक मी कायम पाळला. सुनेला सकाळी अकराला बोलावलं, शेजारी महिला हवालदार बसवली. पंचविशीतली मुलगी. डोळे कोरडे.

मी नेहमीच्या पद्धतीनं सुरुवात केली. इकडचं तिकडचं विचारायचं, मधेच मुद्द्याचं विचारायचं, पुन्हा इकडचं. तासाभरात तिनं एकही शब्द बदलला नाही. शेवटी मी आवाज चढवला. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "सायेब, मी रडत न्हाय म्हणून तुमास्नी संशय आलाय व्हय?"

महिला हवालदारानं खाली मान घातली. मला वाटतं ती हसली.

"मला घरी न्हाय घेतलं तर मी शिवणकाम करीन, काय बी करीन," ती म्हणाली. "माझं सोडा. माझ्या बापाकडं व्यापारी नुसत्या विश्वासावर चांदी टाकून जात्यात. कागुद न्हाय, काय न्हाय. लेकीनं चोरलेलं सोनं बापानं वितळवलं असं एकदा झालं, की कोण देणार त्याला चांदी? चाळीस वर्सं त्यानं दुसऱ्याची कणभर चांदी ठेवून घेतली न्हाय. तेवढं बघा." एवढं बोलल्यावर मात्र तिचा आवाज फाटला.

तिचं बोलणं मला पटायला लागलं होतं. पण तपास पटण्यावर चालत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी मी हुपरी गाठली.

घराच्या पुढच्या खोलीतच कारखाना. बसायला चार पाट, त्यातले तीन रिकामे. गॅसची फुंकणी, चिमटे, तारा. तिचे वडील एकटेच पैंजणाच्या कड्या जोडत होते. मला बघून उठले, हात पुसले. "या सायेब. चहा घेणार?"

"बाकीचे कारागीर कुठं गेले?"

"काम न्हाय. हप्ता झाला, कुणी चांदी टाकली न्हाय." तक्रारीचा सूर नव्हता. हवामान सांगावं तसं सांगितलं.

मी खाकी आवाज काढला. "हे बघा, आम्ही यंत्र लावून सगळा उकिरडा, सगळं परडं तपासलंय. साज तिथं नाही. म्हणजे घराबाहेर गेलाय. खरं बोलून टाका, मी मदत करीन."

त्यांनी शांतपणे विचारलं, "यंत्राला काय दावलंसा?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय शोधायचं ते त्येला कसं कळलं?"

मी नाण्याचं सांगितलं. म्हातारा हातातला चिमटा खाली ठेवून माझ्याकडं बघतच राहिला. मग उठला, सारख्याच जाडीच्या दोन तारा काढल्या. "ही चोख चांदी. ही भेसळीची, हलक्या पैंजणाची. धरा हातात, एकेका हातात एक." मी धरल्या. त्यांनी दोन्हींची टोकं दिव्याच्या ज्योतीत धरायला लावली.

चोख तार धरलेला माझा हात क्षणात भाजला. "आई गं!" म्हणून मी ती टाकली. दुसरी तार अजून हातात होती, आरामात.

"बघितलासा? दोन्ही चांदीच. चोख असली की उष्णता सरळ पळत येती. भेसळ झाली की अडखळती. ह्यो धातूचा सोभाव हाय. तुमचं यंत्र कशावर चालतंय मला अडाण्याला म्हायती न्हाय. पर साज काय चोख सोन्याचा असतोय व्हय? त्यात तांबं असतंय, चांदी असती. पत्रा कागदावानी, आत लाख. आनि तुम्ही त्येला नाणं दावून आलाय!"

मला राग आला. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. ज्याची चौकशी करायला गेलो तो मलाच शाळा शिकवत होता. पण बोट चांगलंच चुरचुरत होतं आणि चुरचुरणाऱ्या बोटाशी वाद घालता येत नाही. मी बाहेर येऊन प्राध्यापकांना फोन लावला, दोन तारांची गोष्ट सांगितली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "साहेब, ते बरोबर बोलतायत. चूक माझीपण आहे, मी दागिना मागायला हवा होता. यंत्र धातूत वीज फिरवतं. चोख सोन्यात ती मोकळी फिरते, आकडा वर जातो. तांबं किंवा चांदी मिसळली की तीच वीज अडखळते, आकडा खाली येतो. त्यात वस्तू लहान, पत्रा पातळ, म्हणजे आणखी खाली."

"अहो, पण तांबं आणि चांदी तर स्वतः चांगली वीज नेतात ना?"

"एकेकटी नेतात. मिसळली की एकमेकांच्या वाटेत येतात."

दोन सुगरणी एका चुलीपाशी उभ्या केल्या की स्वयंपाक कसा होतो हे मला माहीत असल्यानं मी पुढं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा आण्णांच्या दारात. हुपरीच्या कारागिरांना आणि त्यांच्या लेकीलाही मी बोलावून घेतलं. आण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी त्यांना म्हणालो, "तुमच्या नात्यात कुणाकडं असाच साज आहे?" त्यांच्या बहिणीचा होता, आक्कांचा साज केला त्याच सोनाराकडचा, पलीकडच्या गल्लीत. तो आणला. प्राध्यापकांनी यंत्र आधीसारखंच ठेवलं, म्हणजे नाण्याच्या हिशेबानं, आणि साज स्वच्छ जमिनीवर ठेवून वरून फिरवलं.

यंत्र गप्प.

पुन्हा फिरवलं. गप्प! डोळ्यांदेखत अख्खा साज पडलाय आणि यंत्राला तो दिसत नाही. मग त्यांनी बंद केलेले आवाज उघडले आणि यंत्र ओरडलं. आकडा आला तो कुठला? गुटख्याच्या पुडीच्या शेजारचा. पुड्या गप्प करताना आम्ही साजालाही गप्प केलं होतं.

"म्हंजे आमचं सोनं हलकं?" आण्णा उसळले.

"हलकं न्हाय पावणं, दागिन्याचं," कारागीर म्हणाले. "चोख सोन्याचा साज केला तर पानं बोटानं वाकतील. नाणं पेटीत ठेवायला, साज अंगावर घालायला."

मी गर्दीकडं बघत होतो. ही माझी जुनी सवय. आणि मला आक्का दिसल्या. सगळे यंत्राकडं बघत होते, आक्का उकिरड्याच्या एका कोपऱ्याकडं बघत होत्या, पाण्याच्या टाकीकडच्या. पदर पुन्हा बोटाला गुंडाळलेला. या वेळी मी स्वतःच काही ठरवलं नाही. महिला हवालदाराला घेऊन त्यांना गोठ्याच्या आडोशाला नेलं आणि हळू विचारलं, "आक्का, साज कपाटात नव्हता ना?"

बाईंनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

"पाडव्याला म्हशींस्नी सजवतोय न्हवं आपण. शिंगं रंगवून, मोरपिसं लावून. ही हाय न्हवं, कडंची, ही माझ्या म्हायेरनं आलेली रेडी. लेकीवानी वाढवलीया. ओवाळताना मनात आलं, हिला एकदा साज घालून बघावा. कपाळावर लाल दोऱ्यानं बांधला. लई देखणी दिसली ओ! तेवढ्यात मिरवायला न्यायला पोरं आली, वाजाप वाजलं, म्हस बुजली. मिरवणुकीला सोडायच्या आधी बघते तर दोरा तुटल्याला, साज न्हाय. सगळा गोठा हुडकला. ह्यास्नी कसं सांगू? म्हशीला साज घातला म्हटल्यावर गावात तोंड दाखवू दिलं असतं का?"

"आणि सुनेचं नाव आलं तेव्हा?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. हुंदका आला तो आवरेना. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि कीवही आली होती, दोन्ही एकाच वेळी. त्या दिवशीचा गोठ्यातला केर कुठं टाकला ते विचारलं. टाकीकडच्या कोपऱ्यात.

त्या कोपऱ्यात यंत्र सगळे आवाज उघडून लावलं. मग काय, दर पावलाला आरडाओरडा. आवाज आला की उकरायचं, पुडी निघाली की बाजूला टाकायची. पुड्यांचा ढीग लागला. पंच पुन्हा टॉवेल बांधून उभे. एक पंच म्हणाला, "सायेब, आजपासनं गुटखा सोडला." दुपार झाली, हवालदाराची कंबर मोडली. आणि वीतभर खाली, शेणात माखलेला लाल दोरा दिसला. हवालदारानं ओढला नाही, शहाणा माणूस. बोटांनी भोवतालचं शेण काढलं. आधी एक पान, मग दुसरं, मग सगळा साज वर आला.

आक्का बाहेर आल्या आणि सगळ्यांदेखत, नवऱ्यादेखत, स्वतःच्या तोंडानं म्हशीची गोष्ट सांगितली. एवढं मी त्यांच्या बाजूनं नक्की सांगीन, कुणी भाग पाडलं नव्हतं. आण्णांचा आवाज मी पहिल्यांदाच बसलेला ऐकला. ते व्याह्यांपुढं जाऊन हात जोडून उभे राहिले. नवरा मुलगा बायकोची बॅग उचलायला धावला. तिनं बॅगेवर हात ठेवला आणि माझ्याकडं वळली.

"सायेब, मी घेतला न्हवता, हे मला कागदावर पायजे. तोंडी नको. आरोप कागदावर हाय न्हवं?"

बरोबर होतं तिचं. फिर्याद लेखी होते, संशय लेखी होतो आणि निर्दोष माणसाला आम्ही "जा आता" एवढंच म्हणतो. गुन्हा गैरसमजुतीनं दाखल झाला, असा 'क' समरीचा अहवाल मी न्यायालयात पाठवला. तो मंजूर होईपर्यंत ती माहेरीच राहिली. मंजूर झाल्यावर त्याची नक्कल घेऊन स्वतः त्या परड्यात गेलो आणि सगळ्या गल्लीसमोर मोठ्यानं वाचून तिच्या हातात दिली. मग ती बॅग घेऊन आत गेली. आक्कांवर खोटी माहिती दिल्याची कारवाई करता आली असती, पण सूनच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. घरात मी बघते." ते कसं बघितलं हे मी विचारलं नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? लोकांना वाटतं मी सोन्याचांदीचं काहीतरी सांगीन. ते सोडा. यंत्राला आम्ही नाणं दाखवलं, त्यानं इमानदारीनं नाण्यासारखं काही आहे का तेवढंच शोधलं. साज त्याच्या पायाखाली होता. आणि मलाही पहिल्याच दिवशी कुणीतरी सून दाखवली होती. मी तिलाच शोधत बसलो, आणि खरं काय ते माहीत असलेली बाई माझ्यासमोर पदर गुंडाळत बसली होती. यंत्राची चूक एका दिवसात सुधारली. माझी सुधारायला बोट भाजावं लागलं.

निवृत्तीनंतर गेल्या भाऊबीजेला नातीसाठी पैंजण घ्यायला हुपरीला गेलो होतो. चारही पाटांवर कारागीर बसलेले, बोलायला सवड नाही. भिंतीवर देवाच्या तसबिरीखाली माझ्या सहीचा तो कागद, चौकटीत घातलेला. तेवढ्यात एसटी थांबली आणि लेक उतरून आत आली. गळ्यात साज.

मी म्हणालो, "अगं, एवढा साज घालून एसटीतनं आलीस? भीती नाही वाटत?"

"सासूबाईच घालून पाठवत्यात, दर भाऊबीजेला," ती हसून म्हणाली. "म्हणत्यात, त्याच एसटीनं जा, आनि पदर बाजूला घेऊन बस. सगळ्यास्नी दिसू दे की!"